मानसशास्त्राचं पॅनेल

माझ्या मुलीला तिच्या आवडीचा विषय मिळू नये म्हणून मी जेवढी धावपळ केली, तेवढी पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या बापानं केली नसेल. आणि वर लोक मलाच हसतात! गावाचं एक वेळ सोडून देऊ, गावाला दुसरा उद्योग नाही. पण घरचीही हसतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळी हकीकत आपल्याच तोंडानं सांगून टाकावी आणि न्याय तुमच्यावर सोडावा. माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. (चुकलं म्हणालात तर तुमच्याशीही बोलणं बंद.)

आमचं गाव भीमेच्या अलीकडं. तालुका शिरूर, त्यामुळं दाखले, उतारे, शिक्के सगळं घोडनदीला, म्हणजे शिरूर गावातच. पण पूल ओलांडला की दौंड तालुका, आणि पोरांचं कॉलेज तिकडं. गावात मला तात्या म्हणतात, माझी बायको सोडून. ती काय म्हणते ते छापण्यासारखं नाही. मी गावच्या विकास सोसायटीचा तीन टर्मचा संचालक. पीककर्जापेक्षा मला निवडणुकीत जास्त गोडी, हे मी लपवत नाही. कुणाचं मत कुठं आहे, कुणाचा मेहुणा कुणाच्या शब्दाबाहेर नाही, कुणाला चहा चालतो आणि कुणाला मटण लागतं, हे मला झोपेतही सांगता येतं.

तर आमची ऋतुजा. बारावीला अठ्ठावन्न टक्के पडले आणि तिनं बी.ए.ला प्रवेश घेतला. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. एके दिवशी ती घरी आली ती तोंड पाडूनच.

"काय झालं गं?"

"तात्या, मला मानसशास्त्र मिळणार नाही बहुतेक."

"कोण देत न्हाई? नाव सांग फक्त!"

"अहो, कुणी अडवलेलं नाही. पहिल्या वर्षाला तीन विषय घ्यायचे असतात. त्या तीनांतलाच एक दुसऱ्या वर्षी मुख्य विषय म्हणून पुढं न्यायचा. मी मानसशास्त्र लिहिलंय. पण निदान वीस जणांनी मागितला तरच विषयाचा वर्ग सुरू करतात. आत्ता आम्ही सातच आहोत. शनिवारी संध्याकाळपर्यंत वीस झाले नाहीत तर आम्हाला उचलून दुसऱ्या कुठल्या तरी विषयात टाकणार."

"मंग पुढच्या वर्षी घे की मानसशास्त्र."

"नाही घेता येत. पहिल्या वर्षी नाही, तर पुढं कधीच नाही."

एवढं बोलून तिचे डोळे भरून आले, आणि माझा जीव कासावीस झाला. कारण हे काही पोरीचं खूळ नव्हतं. बारावीला तिच्या एका मैत्रिणीनं परीक्षेची इतकी धास्ती घेतली होती, की पेपर हातात आला की हात थरथरायचे. आमची पोर महिनाभर रोज तिच्याशेजारी बसून तिला बोलतं करायची. ती मैत्रीण पास झाली. (ऋतुजापेक्षा जास्त मार्कांनी! पण ते जाऊ द्या.) तेव्हापासून हिनं मनाशी धरलं होतं, की आपण हेच शिकायचं आणि हेच करायचं.

आणि अशा पोरीचं आयुष्य तेरा डोक्यांसाठी अडावं? माझ्या पोरीचं? अहो, वार्षिक सभेला कोरम कमी पडला तर मी वडाखाली पत्ते खेळणारी माणसं उचलून आणून बसवलीत!

"रडू नको," मी म्हणालो. "हा कोरमचा प्रश्न हाय. माझ्यावर सोड."

"तात्या, पण एक ऐका. एकच तुकडी आहे आणि तीसच जागा आहेत. तीसच्या वर गेले तर बारावीच्या मार्कांवर यादी लागते. आणि माझे मार्क..."

"अगं येडे, मतं जास्त झाली म्हणून पडलेला उमेदवार मी अजून बघितला न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुलाबरावला बोलावलं. गुलाबराव म्हणजे माझा उजवा हात. तोही सोसायटीचा संचालक, स्वभावानं गरीब, मी बोलायचं आणि त्यानं मान हलवायची असा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता. मोटारसायकलवर तो पुढं, मी मागं. अलीकडची गावं, पलीकडची गावं, वाड्या, वस्त्या, जिथं म्हणून पहिल्या वर्षाचं पोर होतं तिथं आम्ही पोचलो.

पहिल्याच घरी अडचण. पोराची आई म्हणाली, "तात्या, आमचा भूगोल घेतोय. फौजदाराची परीक्षा द्यायचीय त्येला."

"आगं, मंग मानसशास्त्रच पायजे!" मला ऐनवेळी कसं सुचतं कोण जाणे! "फौजदाराला काय लागतं? डोंगर मोजायचेत का? गुन्हेगाराचं मन वळखावं लागतं! समोर चोर उभा राह्यला तर त्येला काय विचारशील, तुझ्या गावचं पर्जन्यमान किती?"

"व्हय की वो," माउली म्हणाली.

गुलाबरावनं मान हलवली. एक मत पक्कं!

हे चोराचं भाषण मी मग घरोघर केलं. आमच्या भागातल्या प्रत्येक घरात एक तरी होणारा फौजदार असतोच. शिवाय कॉलेजला जायचं ते एकाच एसटीनं. एकानं विषय बदलला की शेजारचा म्हणायचा, मग माझा तास वेगळ्या वेळेला कशाला, मीबी येतो. पोरं भराभरा मोबाइल काढून विषय बदलायला लागली. मी काय पैसे वाटले का? दमदाटी केली का? निव्वळ प्रबोधन!

पण माझा स्वभाव असा, की निवडणूक हातात घेतली की काठावर जिंकायला मला आवडत नाही. समोरच्याचं डिपॉझिट गेलं पाहिजे! म्हणून मी थेट सदाशिवच्या दारात गेलो. सदाशिव म्हणजे सोसायटीतला माझा विरोधक. आठ वर्षं आम्ही एकमेकांच्या लग्नकार्यात जेवलो नव्हतो. पुढच्या महिन्यात चेअरमनची निवड होती. उमेदवार दोनच, तो आणि मी. संचालकांत एका मतानं का होईना, माझं पारडं जड होतं. त्याचा ओंकार त्याच कॉलेजात, त्याच वर्षाला. पोरगं हुशार. बारावीला शहाऐंशी टक्के.

"या तात्या," सदाशिव सुपारी कातरत म्हणाला. "डाव काय हाय ते आधी सांगा, मंग पाणी देतो."

"डाव न्हाई सदाशिवराव. पोरीचा विषय बंद पडतोय. ओंकारला मानसशास्त्रात घाला. पोरीबाळींच्या शिक्षणात पार्टी आणू नका."

सदाशिव विरघळला. "एकटा ओंकार कशाला?" तो म्हणाला. "आमच्या गटातली सहा पोरं घ्या. एकापेक्षा एक हुशार हायेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "आज गावात एकी झाली."

"एकी झाली का बेकी, ते यादी लागल्यावर कळंल," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "पोरगी कवाची सांगतीया तुमाला, बास करा म्हणून."

बास करा! उद्या भूगोलवाले सर पोरांना फोन लावून परत खेचतील, इतिहासवाले खेचतील, मग? कच्ची मतं पिकेपर्यंत राखावी लागतात. सोसायटीला आम्ही काय करतो? मतदार सहलीला नेतो. तेच केलं! शनिवारी सकाळी दोन जीप भरून पोरं मोराच्या चिंचोलीला नेली. पोरी आपापल्या घरी, त्यांच्या आया राखायला समर्थ होत्या. जीपमध्ये बसताना सगळ्यांचे मोबाइल गोळा करून गुलाबरावच्या पिशवीत घातले. मोर एकही दिसला नाही. पिठलं-भाकरी मात्र झकास होती.

दुपारी पिशवी वाजायला लागली.

"तात्या, कालिजातनं मेसेज आलेत," गुलाबराव म्हणाला. "घेतलेला विषय पक्का करायचाय. ज्याच्या त्याच्या फोनवर नंबर येतोय, तो घालायचा म्हणं. संध्याकाळपतुर."

मग मी झाडाखाली टेबल मांडलं. एकेकाला नावानं पुकारायचं, त्याचा मोबाइल त्याच्या हातात द्यायचा, माझ्यासमोर नंबर घालायला लावायचा आणि मोबाइल परत पिशवीत. इतकं शिस्तशीर मतदान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मध्येच पिशवीतून माझाच मोबाइल वाजला. ऋतुजा होती.

"तात्या, कुठं आहात तुम्ही? एकोणतीस झालेत! पाया पडते, आता थांबा!"

"घाबरू नको पोरी! अजून बारा बाकी हायेत!"

पलीकडून फोनच बंद झाला. मला वाटलं, आनंदाची बातमी आईला सांगायला पळाली असेल.

सोमवारी यादी लागली. सोळा आणे खरं सांगतो, मी पेढे घेऊन गेलो होतो. मागितलेले एकेचाळीस, जागा तीस, उरलेले अकरा प्रतीक्षा यादीवर. आणि त्या अकरांत अकरावी, म्हणजे सगळ्यांत शेवटची, आमची ऋतुजा! माझ्या जीपमधून मोर बघायला गेलेली झाडून सगळी पोरं तिच्या वर!

मी तसाच पेढ्यांच्या पुड्यासकट वाघमारे मॅडमच्या खोलीत घुसलो. मानसशास्त्र त्याच शिकवतात आणि विषयवाटपाचं कामही त्यांच्याकडंच.

"मॅडम, हा अन्याय हाय! माझ्या पोरीमुळं तुमचा वर्ग सुरू झाला आन् तिलाच जागा न्हाई?"

"बरोबर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"म्हंजी ती या वर्गाची संस्थापक झाली!"

"संस्थापकांसाठी राखीव जागा नसते हो."

"आवो, पण ही सगळी पोरं माझी हायेत! मी आणलेली!"

"ते लक्षात आलं माझ्या. विषय का निवडला, असा अर्जात एक प्रश्न होता. चौतीस जणांनी एकच उत्तर दिलंय. 'गुन्हेगाराचे मन ओळखण्यासाठी.'" त्यांनी माझ्याकडं जरा रोखून पाहिलं. "बसा. पाणी घेता का?"

बसतो कसला! माझं टाळकं फिरलं होतं. बाहेर कट्ट्यावर ऋतुजा बसली होती. ती ना ओरडली, ना रडली. नुसती म्हणाली, "मला भूगोलात टाकलंय, तात्या. तिथं आता भरपूर जागा झाली ना." मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी हात टेकणारा माणूस नाही. निवडणुकीत शेवटचं हत्यार असतं माघारीचं. अर्ज भरून घेणं सोपं, माघार घ्यायला लावणं ही खरी कला. आणि ज्याच्याकडं शब्द टाकावा असा एकच बाप गावात होता.

"माघार?" सदाशिव म्हणाला. सुपारी चालूच. "घेतो की. ओंकारला मी सांगतो. पण तात्या, माघारीच्या बदल्यात माघार असती. चेअरमनकीतनं तुमी बाजूला व्हा."

आली का पंचाईत! तीन टर्म मी त्या खुर्चीकडं बघत होतो. ती समोर होती, मतं होती, फेट्याचा रंगसुद्धा ठरला होता. पण डोळ्यांपुढून कट्ट्यावरची पोर हलेना. मी गुलाबरावकडं बघितलं. त्यानं मान हलवली.

"दिली माघार!" मी म्हणालो. छाती अशी भरून आली होती! इतिहासात अशा त्यागाची उदाहरणं थोडी असतील. दोन दिवस मी गावातून मान ताठ ठेवून फिरलो.

ओंकारनं शब्द पाळला. (पोरगं खुशीत होतं. त्याला मुळात इतिहासच हवा होता, बापानं जबरदस्तीनं बदलायला लावलेला.) जागा मोकळी झाली. मी मॅडमच्या दारात हजर.

"झाली जागा! घ्या माझ्या पोरीला."

"जागा झाली, ती प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला गेली," मॅडम म्हणाल्या. "तुमची मुलगी आता दहावी आहे."

"पहिला कोण?"

पहिला होता गुलाबरावचा सख्खा पुतण्या!

मी गर्रकन मागं वळलो. "गुलाबराव, त्येला माघार घ्यायला लाव!"

"तात्या, कसं लावू? वहिनीनं सकाळीच गल्लीत पेढं वाटलं. फौजदार झाला म्हणून."

म्हणजे चेअरमनकी गेली, जागा गेली, आणि दहा माघाऱ्या विकत घ्यायला माझ्याकडं आणखी दहा खुर्च्या कुठून येणार? त्या संध्याकाळी घरी पहिल्यांदा ऋतुजाचा आवाज चढला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं का, जीपा भरा? तीस म्हणाले होते ना मी? माझं सगळं आयुष्य त्या एका विषयावर आहे आणि तुम्ही तिथं मोर बघताय!"

"मोर दिसला न्हाई," मी हळूच म्हणालो.

"तुमी गप बसा!" दोघी एकदम म्हणाल्या.

मग पोरगी डोळे पुसून म्हणाली, "मी मॅडमशी बोललेय. प्रतीक्षा यादीत दहा जण आहेत. आणखी दहा जण मिळाले तर वीस होतात, म्हणजे दुसरी तुकडी. प्राचार्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय. आणि तात्या, तुम्ही यात काही म्हणजे काही करायचं नाही. माझी शपथ आहे."

शपथच घातली! मी, ज्यानं अख्खी सोसायटी फिरवली, तो दोन दिवस बाजेवर पडून! बायको जाता-येता विचारायची, "काय, आज कुठं सहल न्हाई का?" मी पडल्या पडल्या मनात आडाखे बांधत होतो. अठरा वर्षांची पोर, हाताशी जीप नाही, भाषणाची सवय नाही, दोन दिवसांत दहा मतं कुठून आणणार? आमच्या गावात सगळे पाडण्यातलेच, निवडून आणण्यातला एक तरी आहे का? काळजीनं मला जेवण गोड लागेना, हे खोटं नाही सांगत. मी केलं ते पोरीसाठीच केलं होतं. आणि माझ्याच हातानं तिचं वाटोळं झालं, तर ते तोंड मी कुणाला दाखवणार होतो?

शनिवारी दुपारी राहवेना. गुलाबरावला म्हटलं, चल, लांबून बघू फक्त. कॉलेजच्या फाटकापाशी पोचतोय तर ऋतुजा बाहेर येत होती, आजूबाजूला पाचसहा पोरी, सगळ्या हसत होत्या. मला बघून ती आधी दचकली, मग पळत आली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यातच पडली.

"झाली तात्या! दुसरी तुकडी झाली! दहा लागत होते, बारा आले!"

मी डोळे पुसले, मग पहिला प्रश्न जो पडायचा तो पडलाच. "आगं, पण काय आश्वासन दिलंस?"

"काही नाही."

"काही न्हाई कसं? काहीतरी कबूल केलं असशील!"

"नाही हो. एकेकीजवळ बसले आणि विचारलं, तुला स्वतःला काय शिकायचंय? कुणी म्हणालं भूगोल, तर म्हटलं, मग तिथंच राहा. बऱ्याचजणींना हेच हवं होतं. पण घरच्यांनी दुसरंच सांगितलं होतं आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं."

मी थक्क झालो. समोरच्याला काय पाहिजे ते सरळ विचारायचं! आणि तो सांगतो! आणि वर मतही देतो! तीन टर्म राजकारण केलं, पण ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती. परत निघालो, गुलाबराव पुढं, मी मागं, तरी डोक्यात तेच. पुलावर आलो तसं मला गप्प बसवेना. म्हटलं, सुरुवात आपल्या माणसापासूनच करावी.

"गुलाबराव, तुला वीस वर्षांत मी कधी विचारलं न्हाई. आज विचारतो. चेअरमन कोण व्हावा, तुझ्या स्वतःच्या मनात काय हाय? मोकळ्या मनानं सांग."

गुलाबरावनं या वेळी मान हलवली नाही. त्यानं गाडीचा वेग जरा कमी केला.

"खरं सांगू का तात्या? तुमी माघार घेतली त्ये लई बरं झालं. मी सदाशिवरावांनाच मत देणार हुतो."

माझा त्याग! माझा ऐतिहासिक त्याग! त्या एका मताच्या जोरावर तर मी निवडून येणार होतो! रागानं माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"थांबव गाडी!" मी ओरडलो. त्यानं पुलाच्या मधोमध थांबवली. "उतर खाली! चालत जा घरी!"

गुलाबराव मागं वळला आणि अगदी गरिबीनं म्हणाला, "तात्या, गाडी माझी हाय."

मग उतरलो मी.